टाकीतलं पाणी स्वच्छ असतं

‘ज्याचं काम त्यानं करावं’ हे वाक्य कानाला फार शहाणं वाटतं. नगरच्या सावेडीतल्या एका वडीलधाऱ्या परिचितांनी ते चारचौघांत ठासून म्हटलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. निमित्त होतं त्यांच्या इमारतीतल्या एका गळक्या फ्लशचं. वरच्या मजल्यावर कमोडची टाकी रात्रंदिवस वाहत होती आणि त्या घरातला कॉलेजात जाणारा मुलगा पाना घेऊन स्वतःच दुरुस्तीला बसला होता. काकांना ते रुचलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की संडासाच्या कामाला शिकल्यासवरल्या माणसानं हात लावू नये, त्यासाठी माणसं असतात. प्लंबरच्या तासापेक्षा आपल्या तासाची किंमत जास्त आहे, तेव्हा हिशेबानंही त्याला बोलावणंच स्वस्त. अर्धवट माहितीवर खटपट केली की बिघाड वाढतो. आणि शेवटी, जरा आवाज खाली आणून, ‘कसंही असलं तरी ते काम घाणच.’

काकांचा शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण माझ्या मते बाकीचे तीन त्याच्याच पोटी जन्मले आहेत.

कमोडच्या मागच्या टाकीत काय असतं? पाणी असतं. गच्चीवरच्या ज्या टाकीतून स्वयंपाकघराच्या नळाला पाणी जातं, त्याच टाकीतून, बऱ्याच घरांत त्याच पाइपातून आलेलं. ते भांड्यात उतरेपर्यंत त्याचा मैल्याशी काडीचा संबंध येत नाही. भांड्याच्या बुडाशी पाइपाला जो बाक दिलेला असतो त्यात पाणी कायम साचून राहतं आणि खालची दुर्गंधी वर येऊ देत नाही. हा बाक असलेल्या संडासाचं पेटंट १७७५ साली अलेक्झांडर कमिंगनं घेतलं. कमिंग पेशानं घड्याळजी होता. चाकं आणि स्प्रिंगा जुळवणाऱ्या त्या कारागिराला संडासाचा विचार करताना कमीपणा वाटला नाही. घाण सुरू होते ती त्या बाकाच्या पलीकडे. अलीकडे, म्हणजे टाकीत, बॉलकॉकवर, अँगल कॉकला, जेटच्या नळीत, सगळं स्वच्छ पाणी.

उलट सिंकखालचा बॉटल ट्रॅप एकदा उघडून बघा. आठवड्याचा भात, चहाचा चोथा आणि तेलाचा पांढुरका गोळा एकत्र कुजलेला असतो. तो आपण नाक मुरडत का होईना, पण स्वतः उघडतो. काकाही उघडतात, मी पाहिलं आहे. तिथं ‘ज्याचं काम त्यानं’ आठवत नाही, कारण ते स्वयंपाकघर आहे. संडासाच्या टाकीतलं नितळ पाणी मात्र हाताला नको. ही किळस डोळ्यांनी बघून आलेली नाही, ती वारशानं आली आहे. कुणी कशाला हात लावायचा आणि कुणी नाही, हे आपल्याकडे फार पूर्वी ठरलं आणि त्या ठरावात पाण्याची स्वच्छता कुणी तपासली नव्हती. महाराष्ट्रातल्या शहरांत टोपलीचे संडास होते तेव्हा ते उपसायला येणारा माणूस मागच्या बोळातून यायचा. बोळ बुजले, फरशा आल्या, कमोड आले. पण ‘त्यासाठी माणसं असतात’ हे वाक्य फरशीवरून चालत थेट सावेडीच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत आलं.

आता तासाच्या किमतीचा हिशेब. तो पुण्या-मुंबईत कदाचित जमत असेल, नगरमध्ये जमत नाही. कारण आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. मुळा धरणातून उचललेलं पाणी विळदच्या पंपिंग स्टेशनवरून वसंत टेकडीला चढतं आणि तिथून गावभर वाटलं जातं. मध्ये कुठं वीज गेली किंवा जलवाहिनी फुटली की ‘रोटेशन एक दिवस पुढे’ असा निरोप येतो. २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, रोटेशन तेच राहिलं. चौंडीच्या ज्या लेकीचं, अहिल्यादेवींचं, नाव आपण लावलं तिनं देशभर बारवा आणि घाट बांधले, एवढी आठवण पुरे.

अशा गावात फ्लश गळतो म्हणजे काय होतं? भांड्यात पाण्याची एक बारीक धार सतत उतरत राहते, डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढी. समजा मिनिटाला २०० मिलिलिटर, म्हणजे चहाचे दोन कप. तासाला १२ लिटर, दिवसाला २८८. शहरी पाणीपुरवठ्याच्या योजना आखताना माणशी रोज १३५ लिटर धरतात, म्हणजे ही धार दोन माणसांचं पाणी रोज पिते. पाणी दिवसाआड येत असेल तर दोन दिवसांत ५७६ लिटर. हजार लिटरच्या टाकीची निम्म्याहून जास्त संपत्ती, कुणी एकदाही साखळी न ओढता. आणि याच जिल्ह्यात, शहरापासून जेमतेम तासाभराच्या अंतरावर, हिवरे बाजार आहे. ते गाव दरवर्षी पावसाचं पाणी मोजून ताळेबंद मांडतं आणि त्यावरून कुठलं पीक घ्यायचं ते ठरवतं. ते गाव घडवणाऱ्या पोपटराव पवारांचं भाषण ऐकायला आपण तिकडे सहली नेतो, टाळ्या वाजवतो, परत येऊन गळक्या फ्लशला ‘बघू, प्लंबरला सांगितलंय’ म्हणतो.

प्लंबर ‘उद्या सकाळी येतो भाऊ’ म्हणतो. त्यात त्याचा दोष नाही. वीस रुपयांच्या वॉशरसाठी भिंगारहून सावेडीला यायचं, तर त्याच दिवशी केडगावला एखाद्या नव्या बंगल्याची अख्खी पाइपलाइन टाकायची असते. तो मोठं काम घेणार, आणि घ्यावंच. तुम्ही मात्र दोन दिवस वाट बघता, अर्धी रजा टाकता, फोन करता, टाकी रिकामी होते म्हणून टँकरला फोन करता. त्या सगळ्या तासांची किंमत काकांच्या हिशेबात कुठल्या रकान्यात बसते?

आणि काम तरी केवढं असतं! रात्री झोपताना फ्लशच्या टाकीचं झाकण काढून बाजूला ठेवा. जमिनीवर, भिंतीला टेकवून नको. चिनी मातीचं झाकण घसरलं की गेलं, आणि जुन्या टाकीचं सुटं झाकण नगरमध्येच काय, कुठंही सहसा मिळत नाही. आत पाण्याची पातळी जिथं आहे तिथं पेन्सिलीनं रेघ मारा. भिंतीतून येणारा अँगल कॉक बंद करा आणि झोपा. सकाळी पातळी रेघेखाली गेली असेल तर तळाच्या वॉशरमधून पाणी भांड्यात झिरपतंय. रेघेवरच असेल तर दोष बॉलकॉकचा. तो वेळेवर बंद होत नाही, पाणी वाढतं आणि मधल्या उभ्या नळीतून ओसंडून भांड्यात जातं. रात्रभर थांबायचं नसेल तर टाकीत कपड्यांच्या निळीचे चार थेंब टाका, अर्धा तास कुणालाही फ्लश करू देऊ नका. भांड्यात निळं उतरलं की पाणी टाकीतून गळतंय हे नक्की झालं. मग ते वरून ओसंडतंय की तळातून, एवढंच डोकावून बघायचं. निदान झालं. घरातली लहान मुलंही हे करतात आणि त्यांना मजा येते.

नगरमधल्या बोअरच्या पाण्यात दोष बहुधा क्षाराचा असतो. वॉशरखाली पांढरा, खरखरीत थर बसतो आणि रबर नीट टेकत नाही. अँगल कॉक बंद करून टाकी रिकामी करा, उरलेलं पाणी फडक्यानं टिपा, वॉशर सोडवा, बैठक लिंबूसत्त्वाच्या पाण्यानं जुन्या टूथब्रशनं घासा. निम्म्या वेळा एवढ्यानंच काम होतं. नाही झालं तर जुना वॉशर खिशात घालून हार्डवेअरच्या दुकानात जा आणि काउंटरवर ठेवा. नाव सांगायच्या भानगडीत पडू नका. प्रत्येक कंपनीचं माप निराळं आणि प्रत्येक दुकानदाराचं नाव निराळं. बॉलकॉक बदलायचा असेल तरीही पाना, टेफलॉन टेप आणि थोडा धीर एवढीच सामग्री लागते. क्षार काढायला अ‍ॅसिड ओतणारे लोक आहेत. अ‍ॅसिडनं क्षार जातो आणि पाठोपाठ रबरही जातं. त्याच भांड्यात कुणी ब्लीचिंग पावडर टाकलेली असेल तर क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद संडासात तो जिवावर बेततो.

‘अर्धवट ज्ञानानं बिघाड वाढतो’ हा काकांचा मुद्दा मी फेटाळत नाही. तो त्यांनी चुकीच्या जागी लावला एवढंच. अँगल कॉक क्षारानं जाम झाला असेल तर त्याला पान्यानं झटका देणं हा मूर्खपणा आहे. भिंतीतला पाइपाचा तुकडा मोडतो, पाणी फरशीवर धावतं आणि गच्चीवरचा व्हॉल्व्हही वर्षानुवर्षं न फिरवल्यामुळे जाम असतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी गच्चीवर जाऊन तो व्हॉल्व्ह फिरतो का ते बघायचं. फिरत नसेल तर तिथंच थांबायचं आणि प्लंबरला बोलवायचं. भिंतीच्या आत लपवलेली टाकी, फरशीखालची गळती, खालच्या मजल्याच्या छताला आलेली ओल, तुंबलेला ट्रॅप, भरून आलेला चेंबर, हे सगळं त्याचं. त्यात आपली लुडबुड नको.

इथं मला काकांच्या विरुद्ध टोकाला उभ्या असलेल्या मंडळींशीही भांडायचं आहे. हे मोबाइलवर व्हिडिओ बघून स्वयंभू कारागीर झालेले. त्यांचं पालुपद एकच: प्लंबर लुटतात. दहा मिनिटं आला, पाचशे घेऊन गेला. ही माणसं एसीवाल्याला, लिफ्टवाल्याला, लॅपटॉपवाल्याला कधी असं बोलत नाहीत. एसीवाला नुसतं बघायला आला तरी पैसे मोजतात, वर चहा देतात. चेंबरचं झाकण उचलणाऱ्याशी मात्र पन्नास रुपयांवरून हुज्जत. त्याच्या दहा मिनिटांत काय काय असतं ते त्यांनी एकदा जवळ उभं राहून बघावं. तो आल्या आल्या कमोडकडे जात नाही. आधी बाहेर जातो, चेंबरची झाकणं ओळीनं उचलतो. पहिला चेंबर कोरडा आणि आतलं भांडं भरलेलं, म्हणजे अडथळा या दोहोंच्या मधे. पहिला भरलेला आणि दुसरा रिकामा, म्हणजे त्या टप्प्यात. दोन्ही भरलेले, तर पुढं, रस्त्याच्या लाइनीत किंवा सेप्टिक टाकीत. मग बांबूची पट्टी कुठून आणि कुठल्या दिशेनं घालायची ते ठरतं. व्हिडिओवाला आधी भांड्यात पट्टी घालतो, कपडे वाळत घालायची तार घालतो, ती ट्रॅपच्या बाकात अडकते, मग भांडंच फोडावं लागतं. आयटीआयमध्ये प्लंबरचा वर्षाचा अभ्यासक्रम आहे. पाइपाला किती उतार द्यायचा, वायूची नळी कुठं काढायची हे तिथं शिकवतात. उतार कमी पडला तर मैला थांबतो. जास्त झाला तर पाणी पुढं पळतं आणि मैला मागं राहतो. ही गोष्ट फरशी फोडल्यावर कळण्यापेक्षा आधी माहीत असलेल्या माणसाला पैसे देणं स्वस्त पडतं.

तर काका टाकीतल्या स्वच्छ पाण्यासाठी माणूस बोलावतात आणि व्हिडिओवाले मैल्याच्या पाइपासाठी त्याचे पैसे कापतात. दोघांच्याही मनात संडासाचं काम हलकं आहे. म्हणून एकाला ते स्वतः करायचं नाही आणि दुसऱ्याला त्याचे पुरते पैसे द्यायचे नाहीत.

आणि सगळ्यात मोठा घोटाळा अजून खाली आहे, जमिनीच्या पोटात.

गावाच्या हद्दीतल्या नव्या कॉलन्यांत आणि खेड्यांत ड्रेनेजची लाइन नाही, सेप्टिक टाक्या आहेत. त्या भरतात. मग काकांचं वाक्य तिथंही लागू होतं, त्यासाठी माणसं असतात. कुठली माणसं, हे कुणी विचारत नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं. हातानं मैला उपसण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानं सुरक्षेच्या साधनांशिवाय कुणालाही गटार किंवा सेप्टिक टाकी साफ करायला लावणं हा गुन्हा ठरवला. कुठलीही व्यक्ती, स्थानिक संस्था किंवा एजन्सी, थेट असो वा आडवाटेनं, माणूस कामाला लावू शकत नाही. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरीही यात येतात, बंगल्याचे मालकही येतात. गटारात मृत्यू झालेल्या कामगाराच्या वारसांना दहा लाख द्यावेत असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये सांगितलं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली, म्हणजे माणसं मरायची थांबली नव्हती.

ती का मरतात, हेही नीट समजून घ्यायला हवं, कारण ‘त्यांना सवय असते’ हे आणखी एक वाक्य आपल्याकडे चालतं. टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढलं की तोच वायू नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. माणसाला वाटतं वास गेला, हवा मोकळी झाली, आणि तो उतरतो. त्याला ओढायला दुसरा उतरतो. या वायूची सवय कुणालाच होत नाही, प्लंबरलाही नाही आणि पिढ्यान्‌पिढ्या हे काम ज्यांच्यावर लादलं त्यांनाही नाही. इथं ‘स्वतः करू की माणूस बोलवू’ हा प्रश्नच चुकीचा आहे. इथं गाडी बोलवायची, सक्शनची.

खेड्यांत मात्र या प्रश्नाला एक निराळंच वळण आहे. स्वच्छ भारत अभियानात शौचालयाला १२ हजार रुपये मिळाले आणि सरकारी शिफारस दोन शोषखड्ड्यांची होती. एक खड्डा वापरायचा. पाच-सहा माणसांच्या घरात तो भरायला साधारण पाच वर्षं लागतात. भरला की मधल्या छोट्या चेंबरमधलं तोंड बंद करून मैला दुसऱ्या खड्ड्याकडे वळवायचा. पहिला वर्ष-दीड वर्ष झाकून ठेवला की आत उरतं ते वास नसलेलं, भुसभुशीत सोनखत. ही रचनाच घरच्या माणसानं स्वतः हाताळावी म्हणून केलेली आहे. कोकणात कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी याच वाटेनं जाऊन सोपा संडास बनवला, कारण दुसऱ्याचा मैला माणसानं वाहणं त्यांना बंद करायचं होतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या पेयजल व स्वच्छता खात्याचे सचिव परमेश्वरन अय्यर तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत अशा खड्ड्यात उतरले आणि खत स्वतःच्या हातांनी बाहेर काढून दाखवलं. सनदी अधिकाऱ्याला ते करून दाखवावं लागलं यातच रोग कळतो.

आणि लोकांनी काय केलं? एकाच मोठ्या, खोल खड्ड्याला किंवा पक्क्या टाकीला पसंती दिली. ‘आपल्या हयातीत बघायला नको.’ डायेन कॉफी आणि डीन स्पीअर्स यांनी उत्तर भारतातल्या खेड्यांबद्दल २०१७ च्या आपल्या पुस्तकात हेच मांडलं आहे: उपसायची वेळ येऊ नये म्हणून लोकांना प्रचंड खड्डे हवे असतात, आणि त्या भीतीचं मूळ शिवाशिवीत आहे. आपण पुरोगामी महाराष्ट्र म्हणून त्यातून सुटलो असं मला वाटत नाही. नगरच्या काळ्या जमिनीत तर मोठी पक्की टाकी हा दुहेरी तोटा आहे. काळी माती पाणी हळू शोषते, पावसाळ्यात टाकी भरून वाहते, आणि वीस वर्षांनी ज्याची हयात चालू असेल त्याच्यापुढे सेप्टिक टाकी उपसण्याचा तोच प्रश्न उभा राहतो. मुरमाड जागा निवडून दोन उथळ खड्डे केले असते तर घरच्यांनीच फावड्यानं खत काढून डाळिंबाला घातलं असतं.

‘शिकल्यासवरल्या माणसानं हात लावू नये’ म्हणणाऱ्या काकांना मी पारनेरच्या एका माणसाची आठवण करून दिली. १८८० मध्ये तिथं जन्मलेले पांडुरंग महादेव बापट विलायतेला शिकले, पॅरिसमध्ये बॉम्बची विद्या मिळवून आले, पुढे मुळशीच्या सत्याग्रहानं सेनापती झाले. तेच बापट पारनेरात हातात झाडू घेऊन गावचे रस्ते आणि गटारं साफ करत. आपण हा अर्धा भाग शाळेत ऐकतो आणि ‘किती साधे होते’ म्हणून सोडून देतो. उरलेला अर्धा क्वचित सांगितला जातो. १९२० मध्ये मुंबईत त्यांनी झाडू-कामगार मित्रमंडळ काढलं आणि झाडूवाल्यांच्या संपाच्या मागं उभे राहिले. गावात स्वतः झाडलं म्हणून मुंबईच्या झाडूवाल्यांनी कमी पैशात झाडावं असं त्यांना वाटलं नाही.

काका म्हणाले, ‘ते मोठे लोक, आपण कुठं.’ मग त्यांना लहान माणसाचं काम सांगितलं. त्यांच्या इमारतीची सेप्टिक टाकी पावसाळ्याआधी उपसायची आहे आणि कमिटीत ते खजिनदार आहेत. रोख पैसे देऊन ‘कुणीतरी बघा’ म्हणायचं नाही. सक्शनच्या गाडीचा दर आधी लेखी घ्यायचा, तो फ्लशच्या वॉशरसारखा घासायचा नाही, मैला कुठं नेऊन टाकणार ते विचारायचं, पावतीवर गाडीचा नंबर लिहून घ्यायचा. तळाशी गाळ उरला आणि गाडीवाला म्हणाला, ‘पोरगा दोन मिनिटं उतरतो’, तर गाळ राहू द्यायचा, टाकीवर झाकण ठेवायचं आणि पुढच्या फेरीचे पैसे वेगळे द्यायचे. हे त्यांनी वहीत लिहून घेतलं. फ्लशच्या टाकीत हात घालायला मात्र अजून तयार नाहीत.